पहिला गोड घास

"हे पण नको," म्हणत कोंडीरामने बुंदीच्या लाडवांच्या ढिगाकडे पाठ फिरवली आणि तो पुन्हा रस्त्याला लागला.

लालबागला पेढे नापास झाले होते. भायखळ्याला बर्फी नापास झाली. आता गिरगाव आलं तरी ह्याचं मन कशावर बसेना. त्याची बायको शेवंती शेंगदाण्याची पुडी हातात घेऊन मागून हसत येत होती. तिला बघायला गेला तेव्हा तिच्याकडे धड मान वर करून न पाहता होकार देणारा हा माणूस, आज लाडवांत खोड्या काढत होता!

पण त्याचंही बरोबर होतं म्हणा. चार वर्षांपूर्वी परळच्या एका सभेत, भर गर्दीत हात वर करून, दोघा नवराबायकोंनी शपथ घेतली होती, की संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत गोड तोंडाला लावायचं नाही. शेवंतीचं ठीक होतं. कोंडीराम म्हणजे गुळाच्या डब्याला कुलूप लावावं असा प्राणी. गिरणीत साचे चालवणारा हा गडी चार वर्षं बिनसाखरेचा चहा प्याला. गणपतीचा मोदक कपाळाला लावून शेजाऱ्याच्या हातावर ठेवत आला. सख्ख्या भाच्याच्या लग्नात जिलबीच्या पंगतीतून नुसता मठ्ठा पिऊन उठला. चाळीतले विचारायचे, "काय कोंडीराम, डॉक्टरने बंदी घातली का?" तो म्हणायचा, "डॉक्टरने नाय, दिल्लीने."

आज एक मे. मुंबई मिळाली होती, राज्य झालं होतं. रस्त्यात गुलालाचा चिखल, चौकाचौकात लेझीम, इमारतींवर दिव्यांच्या माळा. फुकट पेढे वाटणारे तर पावलापावलावर. पण चार वर्षांचा उपास फुकटच्या पेढ्यावर सोडायला कोंडीराम काही खुळा नव्हता. पहिला घास कशाचा घ्यायचा, हे त्याने रात्रपाळीला साच्यापुढे उभं राहून कितीदा ठरवलं होतं आणि सकाळी घरी येईतो बदललं होतं.

"खरवस घ्या की. कसला पांढराशुभ्र आहे बघा," शेवंती म्हणाली.

"खरवस मऊ. दाताला कळायला तर पाहिजे!"

"मग श्रीखंड?"

"श्रीखंड पाटावर बसून खायचं. रस्त्यात उभ्यानं?"

"तुमच्यासाठी आता सोन्याची साखर पाडायला सांगू का?"

एक मिरवणूक आली. शेवंती पुडी कमरेला खोचून तीत शिरली, घोषणा देऊन देऊन घसा बसवून घेतला आणि कपाळभर गुलाल घेऊन परत आली. ती एवढी खुशीत होती की कोंडीरामला तिचाच अभिमान वाटला.

खोताच्या वाडीच्या तोंडाशी एका हलवायाने भट्टी रस्त्यावरच मांडली होती. पसरट कढईत तो फडक्यातून पीठ सोडत होता आणि तुपात वेढे फुलत होते. तिथून पाकात, पाकातून परातीत. कोंडीराम जागीच थांबला.

"हीच," तो म्हणाला.

चांगली लालबुंद, कुरकुरीत, वाफाळती जिलबी त्याने बोट दाखवून निवडली. पण स्वतःच्या तोंडात घातली नाही. भर रस्त्यात, दिव्यांच्या उजेडात, ती शेवंतीच्या ओठांपाशी नेली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण रस्त्यात त्याने कधी तिचं बोटही धरलं नव्हतं. रांगेतल्या कुणीतरी शीळ घातली. शेवंतीने तोंड बाजूला केलं.

"लाजतेस काय? आज सगळं माफ!"

"लाजत नाही हो." तिने त्याचं मनगट हलकेच धरलं. "तुम्ही खावा. तुमचं गाव चंदगड आलं, मुंबई आली. माझं उचगाव कुठं आलं?"

उचगाव तिचं माहेर, बेळगावला लागून. बेळगाव तिकडे म्हैसूर राज्यात राहिलं, हे कोंडीरामने पेपरात वाचलं होतं. त्यावरून तो चाळीत तावातावाने भांडलाही होता. आणि आज सकाळपासून बायकोला बरोबर घेऊन मिठाया बघत हिंडत होता! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, मग दिवसभर नाचतेस ती?"

"मुंबई मिळाली की! नाचू नको?" शेवंती हसली. "हात वर केला तेव्हा मी सगळी नावं घेतली होती. बेळगाव, कारवार, निपाणी. तुम्ही मुंबईवर थांबला. तुमचं फिटलं. आता खावा बघू. चार वर्षं तुमचं तोंड बघत आले, ते गोड झालेलं बघायचंय मला."

"आणि तू?"

"येईल की बेळगाव. आज ना उद्या."

जिलबीचा पाक त्याच्या मनगटावरून कोपराकडे निघाला होता.

"ओ मामा, घेणार की नाय?" मागे उभी असलेली वाडीतली ग्रेसीबाई म्हणाली. "लाईन बघा किती झाली."

कोंडीरामने जिलबीकडे एकदा पाहिलं, मग ती अलगद ग्रेसीबाईच्या हातावर ठेवली. त्याची पाकाने माखलेली बोटं सवयीने तोंडाकडे निघाली होती. ती त्याने धोतराला पुसली.

"बाई," त्याने विचारलं, "इथं तिखट कुठं चांगलं मिळतं?"