तेवीस झोपड्या

सलग चौथ्या आठवड्यात दोन वर्षांच्या इफ्राचं वजन सहा किलो दोनशेच भरलं.

"उबाह, ही शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याची पाकिटं हिला एकटीलाच द्यायची, भावंडांत वाटायची नाहीत," मी तिच्या आईला पुन्हा बजावलं. "हे औषध आहे, खाऊ नव्हे."

उबाह इफ्राला तराजूतून उतरवू लागली. दुष्काळात जनावरं मेल्यावर ही कुटुंबं सोमालियातल्या बैदोआ शहराबाहेरच्या एका माळावर येऊन राहिली होती. त्या माळाच्या मालकाचा माणूस गेदी पोतं घेऊन आमच्या तंबूच्या दारात उभा होता.

"तिलाच देते हो, डॉक्टरीणबाई," उत्तर त्यानंच दिलं. "चल गं, आवर लवकर."

उबाहनं पाकिटं ओढणीत घट्ट बांधली. "जागेचं भाडं म्हणून आमच्या सगळ्यांची निम्मी पाकिटं तू नेतोस, तेही सांग ना बाईंना."

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या.

"जीभ फार चालायला लागली तुझी! आज झोपडीच मोडतो, थांब."

"तू कशाला मोडतोस? फांद्या मी तोडल्या, बांधली मी. आपल्यात घर बाईचं असतं, विसरलास वाटतं." ती रांगेतल्या म्हाताऱ्या हलिमोकडे वळली. "आत्या, सांगू का याला?"

"सांग की! महिनाभर नुसतं ठरवतोच आहोत."

"उद्या सकाळी तेवीसच्या तेवीस झोपड्या मोडून, पाठीवर घेऊन आम्ही रस्त्यापलीकडे जातोय," उबाह म्हणाली. "मदतीच्या गाड्या आल्या, की त्यांना तुझा रिकामा माळ दाखव."