भरल्या ताटावरून

नाताळला लेकाकडे प्रागला गेले होते. आमच्यात सणाच्या जेवणातून जो पहिला उठतो, तो पुढचा नाताळ पाहत नाही. म्हणून सूप, मासा, बटाटे हाताशीच मांडायला लावले. “आई, लिफ्टच्या बिल्डिंगीत कुणी असं मरत नाही,” लेक हसला. तेवढ्यात बेल वाजली. “ब्लांका असेल. मीच बोलावलंय,” तो पुटपुटला. ब्लांका माझी मुलगी. न विचारता लग्न केलं म्हणून नऊ वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. बेल पुन्हा वाजली. आमचा शहरी शहाणा खुर्चीलाच चिकटला. सून उठू लागली, तसा मी तिचा खांदा दाबला. “बस खाली. तुझी पोरं लहान आहेत.” मग मीच उठले, दार उघडलं. ब्लांकाला आतली अर्धवट ताटं दिसली. “आई, तू उठलीस?” “मग काय शेजारणीनं उठायचं? बूट काढ. मासा गार होतोय.”