मशीनला वास येईना

केळी पिकायला लागली की एक गॅस सोडतात. हवेच्या अब्ज कणांत त्या गॅसचा एक कण असला तरी लेसरने पकडणारं मशीन आम्ही इंदूरच्या प्रयोगशाळेत चार वर्षं खपून बनवलं. पहिल्या चाचणीसाठी मी ते बुऱ्हाणपूरला आशाकाकूच्या केळीच्या गोदामात बसवून आले.

त्यानंतर इंदूरला माझ्या स्क्रीनवर रोज शून्यच. इकडे मी सॉफ्टवेअर दोनदा नव्याने लिहिलं, तिकडे केळी पिवळी झाली, मग ठिपक्याठिपक्यांची झाली.

"काकू, मशीनला कुणी हात तर नाही ना लावला?" मी फोनवर विचारलं.

"हात काय, तुझ्या काकांनाही मी तिच्याजवळ फटकू देत नाही. तू फिकर नको करू."

शेवटी साहेबांनी प्रकल्पच गुंडाळायचं ठरवलं आणि मी मशीन परत आणायला निघाले.

गोदामात पाय ठेवला तर पिकल्या केळ्यांच्या वासाने डोकं गरगरलं. मशीनवर काकूने स्वतः शिवलेलं, झालर लावलेलं रेक्झिनचं कव्हर होतं. हवा आत ओढायच्या नळीच्या तोंडाला दुधाची रिकामी पिशवी रबराने घट्ट बांधली होती. मी ती सोडून काकूपुढे धरली.



"एवढी महाग मशीन, पोरी," काकू म्हणाली. "केळ्यांचा गॅस लागला असता ना तिला."