लागला

"टाका मशीनचा आहे," बोडिल म्हणाली आणि तिने भिंग खाली ठेवलं.

विलाड्सच्या नव्या अंगरख्याची खांद्यावरची शिवण तिने दोन बोटांत धरली होती. मागे ढाली, शिरस्त्राणं आणि बोथट तलवारी सांभाळत साठ-सत्तर माणसं उन्हात ताटकळत होती. लिमफ्योर्डच्या खाडीवरून खारा वारा येत होता. अर्ध्या तासात लढाईचं शिंग वाजणार होतं.

"हाताचा आहे," विलाड्स म्हणाला. "माझ्या स्वतःच्या."

"तुझ्या? अरे, तू ढालीचा पट्टासुद्धा बायकोकडून लावून घेतोस!" मागून येप्पे ओरडला. रांग हसली.

विलाड्स हसला नाही. ऑक्टोबरात त्याला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती, आणि सत्तरीनंतर ढालींच्या भिंतीत उभं राहायचं नाही, असा जुन्या लढाया पुन्हा रंगवणाऱ्या त्यांच्या मंडळाचा नियम होता. भिंतीचं डावं टोक बावीस वर्षं त्याचं. आजची लढाई शेवटची.

माणूस तसा सरळ. या खेळात पंच नसतो. वार बसला की ज्याला बसला त्यानेच 'लागला' म्हणायचं आणि गवतात आडवं व्हायचं. काही जण दहा वार खाऊन उभेच राहतात आणि मग वर्षभर त्यावर भांडणं चालतात. विलाड्सबद्दल मात्र एकही तक्रार नव्हती. उलट, नवख्याचं मन राखायला तो न लागलेला वारही घेतो, अशी कुजबुज होती.

दुसरं भांडण कपड्यांचं. हजार वर्षांपूर्वीची लढाई, तर कपडेही तेव्हाचेच. आणि तेव्हा काही शिलाई मशीन नव्हतं. निम्मं मंडळ म्हणायचं, तलवार नीट चालवतो ना, मग दोरा कशाला बघता? उरलेलं निम्मं म्हणायचं, आज दोरा सोडला तर उद्या लोक चेनच्या पँटी घालून येतील. बोडिल या दुसऱ्या निम्म्यातली, आणि प्रवेशाच्या टेबलावर नेमकी तीच बसायची.

टेबलावर एक काचेची चौकट होती. आत तागाची वीतभर पट्टी आणि त्या पट्टीवर विलाड्सच्या बायकोची, सिडसेलची, वीस वर्षांपूर्वीची शिवण. मोत्यांची सरच म्हणा ना. अंगरखा त्या चौकटीशेजारी धरायचा. जुळला तर आत, नाही तर घरी. गेल्या वर्षी येप्पे घरी गेला होता.

"हे बघ, आणि हे बघ," बोडिल म्हणाली. "हाताचा टाका असा दारुड्यासारखा चालतो होय? स्वस्तातलं मशीन अडखळलं की असं होतं."

"हात शिकाऊ आहे."

"आणि बोटांना काय झालं?" येप्पेने विचारलं. विलाड्सच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. "लढाईआधीच जखमा?"

विलाड्सने हात मागे घेतला.

"सिडसेललाच बोलवा ना," कुणीतरी म्हणालं. "ती एका नजरेत सांगेल."

"ती कामात आहे," विलाड्स घाईने म्हणाला.

ते सगळ्यांनाच माहीत होतं. निम्म्या मंडळाचे कपडे तिच्याकडून यायचे. लढाई सुरू झाली की ती तंबूची कनात आतून बांधून शिवायला बसायची. कुणी डोकावलेलं खपायचं नाही. तीन दिवसांत तीन झगे पुरे करायची. तंबूत सामान म्हणाल तर दोन माणसांनी उचलायची एक ओकची पेटी. "ऐरण आणलीस का?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "बायकांचं सामान आहे."

बोडिलने कात्री उचलली. "एक टाका कापते. हाताच्या शिवणीत दोरा एकच. मशीनच्या शिवणीत दोन, वरचा आणि खालचा. ओढून बघितलं की कळेल."

"काप," विलाड्सने खांदा पुढे केला.

"थांबा," येप्पे रांग सोडून पुढे आला. "याचाच का? ती पट्टीही बाहेर काढा. दोन्हींचा एकेक टाका सगळ्यांसमोर कापा. एकदाचा वाद तरी मिटेल."

"काढू की! खरा हात कसा असतो ते दिसेल लोकांना," बोडिल म्हणाली. तिने चौकट पालथी घातली आणि मागचे खिळे उचकटायला घेतले.

एक खिळा निघाला. दुसरा निघाला.

विलाड्सने हात वर केला.

"लागला," तो म्हणाला.

"काय लागला?"

"मशीनचा आहे. ठेव ती पट्टी."

आता कुणी हसलं नाही. बोडिलने खिळे अंगठ्याने परत दाबले. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजले असते," ती म्हणाली. "पण सिडसेलच्या नवऱ्याने?"

"डावं टोक मी घेतो," येप्पे हळूच म्हणाला.

विलाड्सने आपली ढाल त्याच्या हातात दिली. "खाली धरू नकोस. गुडघ्यावर मारतात, हरामखोर," तो म्हणाला आणि तंबूकडे चालू लागला.

सिडसेलने कनात सोडून त्याला आत घेतलं आणि गाठ पुन्हा आवळली. त्याला पेटीशेजारी बसवून तिने त्याच्या बोटांच्या चिंध्या सोडल्या. सुई टोचून टोचून बोटांची चाळणी झाली होती.

"सगळा हिवाळा घालवलास यात," ती म्हणाली. "मी देत होते ना शिवून."

"शेवटच्या लढाईला माझ्या हातचा हवा होता."

तिने चिंध्या पुन्हा गुंडाळल्या. "पट्टी काढली त्यांनी?"

"नाही."

बाहेर शिंग वाजलं. ढालींवर ढाली आदळू लागल्या, माणसं आरडाओरडा करू लागली. सिडसेल त्याच आवाजाची वाट बघत होती. तिने पेटीचं झाकण उघडलं, आतल्या शिलाई मशीनची मूठ धरली आणि बोडिलचा अर्धा राहिलेला झगा सुईखाली सरकवला.