खेड्याची बाजू

देवपूरच्या सभागृहात वादविवाद स्पर्धेत रुपली बोलायला उभी राहिली आणि तिची दातखीळच बसली. "शहरापेक्षा खेडं बरं" या ठरावाच्या बाजूनं ती बोलणार, विरोधात तिची जोडीदारीण प्रमिला. घंटा वाजली, रुपली डोळे पुसत जागेवर गेली. आता प्रमिला खोडणार तरी काय? पण सावद्याला केळीच्या बागेत महिनाभर तालीम करून दोघींना एकमेकींची भाषणं तोंडपाठ झालेली. "माझी मैत्रीण म्हणणार होती..." तिनं सुरुवात केली, आणि रुपलीचं खेडं प्रमिलाच्या तोंडून वाहू लागलं. पाटाचं पाणी खुर्च्यांखालून झुळझुळलं, भिंतींवर केळीची पानं सळसळली, धुक्यातून बैलगाडी परीक्षकांच्या टेबलापर्यंत आली. घंटा वाजली तेव्हा प्रमिला भानावर आली. शहराबद्दल बोलायचं राहूनच गेलं. "आणि तुझा विरोध?" परीक्षकांनी विचारलं. ती ओशाळली. तेवढ्यात मागून रुपली ताडकन उठली, "सर, विरोधात मले बोलाचं हाये!"