लिंपलेली भिंत

साहेबांनी भिंतीवर थाप मारली. भिंत कशी गुळगुळीत, पांढरीशुभ्र. खाली गेरूचा पट्टासुद्धा.

"ही पडायला आलीय?" साहेबांनी विचारलं. "भेग कुठंय बाई?"

गोजरबाईनं चुन्याचे हात पदराखाली लपवले. भेग होती हो! आढ्यापासून पार जमिनीपर्यंत, चांगली हात जाईल एवढी. पण सकाळी नवरा गिरणीत गेल्यावर तिनंच ती चिंध्या कोंबून बुजवली. वरून शेणमातीनं लिंपली, चुना फासला. सोलापूरचा उन्हाळा, वाळायला कितीसा वेळ! आणि हे सगळं कशासाठी, तर साहेब घर बघायला येणार म्हणून. परका माणूस दारात येणार आणि त्याला असली भिंत दाखवायची? मोडनिंबकडच्या खेड्यातली बाई ती. पाहुणा यायचा म्हटलं की आधी घर सारवायचं, हे तिच्या हाडात भिनलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे! आता बसा मूठ झाकून.

तिचा नवरा कुंडलिक किती दिवस नगरपालिकेच्या कचेरीत खेटे घालत होता. युनियनवाल्यांनी त्याला सांगितलं होतं, भाडं घेतो त्यानं घर नीट ठेवायचं, तसा कायदाच आहे. साहेबांनी धोका आहे म्हणून लिहिलं की घरमालकाला भिंत बांधून द्यावीच लागणार. कुंडलिकला घाई होती, कारण लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला आली होती. खोली एकच. सुभद्राचं अंथरूण त्याच भिंतीच्या पायथ्याशी. दुसरीकडं जागाच नव्हती.

दारात घरमालक गुरुसिद्धप्पा उभा होता. तो भिंतीपलीकडच्या खोल्यांत राहायचा.

"बघितलं का साहेब? उगं तक्रार करतेत," तो म्हणाला. "पलीकडं मीच राहतो की. भिंत वाईट असती तर मी गप बसलो असतो व्हय?"

साहेबांना ते पटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. जाता जाता म्हणाले, "बाई, घर मात्र छान ठेवलंय हं."

आणि गोजरबाईचा चेहरा खुलला! खरंच खुलला. अशा मोठ्या माणसानं तिच्या घराला कधी छान म्हटलं नव्हतं. तेवढ्यात तिची नजर सुभद्राकडं गेली. पोटावर हात ठेवून पोरगी आईकडं नुसती बघत होती. गोजरबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लेकीच्या जिवावर बेतलंय आणि हिला चुन्याचं कौतुक!

"थांबा साहेब," ती म्हणाली. "म्या लिंपलंय ते. लाज वाटली म्हणून झाकलं."

"अय्यो, काय बोलती ही बाई!" गुरुसिद्धप्पा ओरडला.

तिनं चुलीजवळचं उलथनं उचललं आणि भिंत खरवडायला लागली. मातीचे पोपडे खाली पडले. मग चिंध्या बाहेर यायला लागल्या. तिचं विटकं लुगडं. कुंडलिकची भोकं पडलेली गंजी. परक्या पुरुषासमोर घरातलं सगळं दारिद्र्य तिनं स्वतःच्या हातानं जमिनीवर मांडलं. तिचे कान तापले होते. मान वर करायची सोय नव्हती. तरी हात थांबला नाही.

साहेब खाली वाकून बघायला लागले.

"ह्यांनीच खिळे मारले असतील," गुरुसिद्धप्पा घाईघाईनं म्हणाला. "माझ्या बाजूला काय बी न्हाय. देवाशप्पथ!"

भेगेत अगदी आत एक बोळा उरला होता. गोजरबाईनं तो ओढला. निघेना. नीट बघितलं तर तो तिचा नव्हताच. चांगल्या इरकली लुगड्याचा तुकडा होता तो. तिनं जोर लावला, तसा पलीकडून कुणीतरी तो मागं खेचला.

भेगेतून गुरुसिद्धप्पाच्या बायकोचा, गंगम्माचा, दबका आवाज आला.

"ओढू नको गं गोजरबाई. साहेब जाईपर्यंत बोळा दाबून धर म्हणून ह्यांनी मला सकाळपासून हितंच बसवलंय की!"