टाकीचं झाकण

देवाजीच्या जुन्या फियाटमध्ये दोस्त नत्थूजीनं नवं इंजिन बसवलं, पण उमरेडला लेकीकडे जाताना गाडी हटकून बंद पडायची. "तू चहा सांग गा, मी पाहतो," म्हणत नत्थूजी ऐटीत उतरायचा. चहा येईस्तोवर गाडी चालू! म्हणून देवाजी त्याला न्यायचाच. तिथं पाहुणचार बापापेक्षा याचाच जास्त. आज गाडी बंद पडली तेव्हा नत्थूजी फोनवर गुंतला होता. पेट्रोल बघायला देवाजीनंच टाकीचं झाकण उघडलं. फुस्सकन हवा आत शिरली, चावी फिरवताच गाडी चालू! वाकून पाहिलं, तर टाकीच्या हवेच्या नळीत बोल्ट कोंबलेला; हवेवाचून पेट्रोलच पुढं सरकत नव्हतं. "काहून गा?" "गाडी धड चालली असती तं तू मले सोबत नेलं असतं?" नत्थूजी पुटपुटला. देवाजी म्हणाला, "माह्या बायकोले उमरेडहून दवाखान्यात आणताना तू नव्हता. बंद गाडीतच जीव गेला बिचारीचा. तवाही होता हा बोल्ट?" नत्थूजी डिकीतून आपली पिशवी काढू लागला.